व्हँपायर एफबी.९ ने माल्टा ते सॉल्सबरी: १९५३ चा आफ्रिका प्रवास सिम्युलेटरमध्ये कसा बसवायचा?

प्रश्न: उत्तरवारा

नमस्कार मंडळी,

दक्षिण ऱ्होडेशियाच्या हवाई दलाने १९५३ च्या अखेरीपासून द हॅविलँड व्हँपायर एफबी.९ ही जेट लढाऊ विमानं ब्रिटनमधून उडवत सॉल्सबरीला, म्हणजे आजच्या हरारेला नेली. एक इंजिन, एक वैमानिक आणि खाली अर्धा आफ्रिका. हाच प्रवास संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये माल्टापासून पुढे करायचा बेत आहे. त्यांच्या प्रत्येक मुक्कामाची हुबेहूब नक्कल करण्याचा आग्रह नाही. त्या काळी वापरात असलेल्या तळांवरून मार्ग आखला आहे. अंतरं नॉटिकल मैलांत, सरळ रेषेने:

लुका (माल्टा) – अल अदेम ५२८
अल अदेम – फायेद ४४०
फायेद – वादी हाल्फा ५१३
वादी हाल्फा – खार्टूम ३७७
खार्टूम – मलाकल ३६६
मलाकल – जुबा २८१
जुबा – एंटेबी २९४
एंटेबी – ताबोरा ३०८
ताबोरा – न्डोला ५३५
न्डोला – सॉल्सबरी ३२७

एकूण सुमारे ३,९७०. नियम असे ठरवले आहेत: जीपीएस नाही, ऑटोपायलट नाही, नकाशावर स्वतःचं विमान दाखवणारी खिडकी बंद. घड्याळ, होकायंत्र, कागदी नकाशा आणि व्हीएचएफ रेडिओ एवढंच हाताशी.

विचारायचं असं:

१. आतल्या टाक्यांत ३३० गॅलन आणि पंखांखाली १०० गॅलनचे दोन ड्रॉप टँक, म्हणजे हवेत सोडून देता येणाऱ्या जादा टाक्या. एवढ्यावर कुठला टप्पा सर्वांत नाजूक? मलाकल वगळून खार्टूमहून थेट जुबा गाठता येईल का?
२. रेडिओ बीकनशिवाय दिशा कशी सांभाळायची? कुठल्या खुणा भरवशाच्या?
३. सिम्युलेटरमधलं आजचं दृश्य १९५३ शी कुठे जुळत नाही?
४. महिना कुठला निवडू?

उत्तर: गॉब्लिन३

इंधनापासून सुरू करतो, कारण या विमानात मार्ग ठरतो तो टाकीवरून.

सगळ्यांत आधी विमानाच्या फाइलमधले टाक्यांचे आकडे तपासा. ३३० आणि १०० हे इंपीरियल गॅलन आहेत, तर एमएसएफएस (मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर) काय किंवा त्याची जुनी आवृत्ती एफएसएक्स काय, दोन्हींच्या कॉन्फिग फाइलमध्ये आकडे अमेरिकन गॅलनमध्ये लिहिलेले असतात. १ इंपीरियल गॅलन म्हणजे १.२ अमेरिकन गॅलन. म्हणजे आतल्या टाक्या ३९६, प्रत्येक ड्रॉप टँक १२०, एकूण ६३६ अमेरिकन गॅलन दिसायला हवेत. हौशी मॉडेलमध्ये ५३० हाच आकडा जसाच्या तसा टाकलेला आढळतो. तसं असेल तर तुम्ही प्रत्यक्षात ४४१ इंपीरियल गॅलन घेऊन निघता. कमी पडलेले ८९ गॅलन म्हणजे क्रूझमधली जवळपास ३५ मिनिटं. केरोसिनचं वजन गॅलनमागे ८ पौंड धरा. पूर्ण भरलेल्या विमानात साधारण ४,२४० पौंड इंधन दिसलं पाहिजे. वजनाचा आकडा जुळला की टाक्यांचा जुळला असं समजायला हरकत नाही.

दुसरी तपासणी ड्रॉप टँकची. काही मॉडेलमध्ये ते फक्त दिसायला असतात. पंखाखाली टाकी लटकते, पण इंधनाच्या पानावर तिची नोंदच नसते. काहींत नोंद असते, पण वापराचा क्रम उलटा लावलेला असतो: आतल्या टाक्या आधी रिकाम्या होतात आणि बाहेरचं इंधन अडकून राहतं. जमिनीवर इंजिन चालू ठेवून १५ मिनिटं थांबा आणि कुठला आकडा खाली येतो ते पाहा. बाहेरचं आधी संपायला हवं.

आता खर्च. व्हँपायरचा पल्ला पुस्तकात १,२२० मैल दिलेला असतो. तो जमिनीवरच्या मैलांत, ३०,००० फुटांवरून आणि टाक्या कोरड्या होईपर्यंतचा. नॉटिकलमध्ये सुमारे १,०६०. त्यावर बेत आखू नका. तुमच्या मॉडेलचा खर्च स्वतः मोजा: ५,०००, १५,०००, २५,००० आणि ३०,००० फुटांवर, वारा शून्य ठेवून, प्रत्येक ठिकाणी वेग स्थिर झाल्यावर दहा मिनिटं उडा आणि आधीचं-नंतरचं वजन लिहा. चढण्याचा खर्च वेगळा लिहा. मॉडेल बरं असेल तर ५,००० फुटांवर मैलामागे लागणारं इंधन ३०,००० फुटांच्या जवळपास दुप्पट निघेल. तसा फरक दिसत नसेल तर इंजिनाचा तक्ता ढोबळ आहे, आणि मग या प्रवासातली निम्मी गंमत जाते. असं मॉडेल घेऊ नका.

समजा तुमची मोजणी अशी निघाली: टॅक्सी, टेकऑफ आणि ३०,००० पर्यंत चढाई मिळून ११० गॅलन, क्रूझमध्ये तासाला १५०, खरा हवाई वेग ३४० नॉट. राखीव १०० बाजूला ठेवले तर क्रूझला ३२० उरतात. २ तास ८ मिनिटं, शांत हवेत सुमारे ७२५ नॉटिकल मैल, वर चढाईत कापलेलं अंतर. म्हणजे तुमचे दहाही टप्पे कागदावर बसतात, ५३५ चा ताबोरा–न्डोलासुद्धा.

खार्टूम–जुबा थेट ६४५. शांत हवेत बसतं. पण समोरून ५० नॉट वारा धरा आणि परतीची मर्यादा काढा: हाताशी असलेला वेळ गुणिले परतीचा जमिनीवरचा वेग, भागिले जातानाचा आणि परतीचा वेग यांची बेरीज. २.१३ गुणिले ३९०, भागिले ६८०, म्हणजे १.२२ तास. २९० नॉटने तेवढ्या वेळात ३५४ मैल होतात. मलाकल ३६६ वर आहे. म्हणजे मलाकल दिसायच्या जरा आधीच खार्टूमला परतण्याचा मार्ग बंद होतो आणि मग मलाकल किंवा जुबा एवढेच पर्याय उरतात. मलाकल जवळजवळ सरळ रेषेवरच आहे, तिथून गेल्याने जेमतेम २ मैल वाढतात. म्हणून माझं मत असं: बेत जुबाचा करा, पण मलाकलच्या डोक्यावर निर्णय घ्या. तिथे किमान किती इंधन हवं तो आकडा आधीच कागदावर लिहा: उरलेले २८१ मैल भागिले त्या दिवसाचा मोजलेला जमिनीवरचा वेग, गुणिले १५०, अधिक १००. आकडा कमी भरला की उतरायचं.

नाजूक टप्पा विचारलात तर माझ्या मते फायेद–वादी हाल्फा. लांबी ५१३ आहे म्हणून नव्हे. वादी हाल्फा धुळीने बंद निघालं तर अस्वान १५० मैल मागे आहे. राखीव १०० गॅलन ३०,००० फुटांवर ४० मिनिटं पुरतात, पण एकदा धावपट्टीच्या घिरटीपर्यंत खाली आलात की पुन्हा वर चढण्यातच त्यातला मोठा भाग जळून जातो. त्यामुळे उतरायचं की वळायचं हे खाली यायच्या आधी, वरूनच ठरवावं लागतं. ताबोरा–न्डोलाला हाच प्रश्न आहे. तिथे मध्यावर, टांगानिका सरोवराच्या दक्षिण टोकाजवळ, त्या काळचं अ‍ॅबरकॉर्न म्हणजे आजचं म्बाला आहे. उंची साडेपाच हजार फुटांच्या आसपास. पुढे डावीकडे साठेक मैलांवर कसामा. दोन्ही नकाशावर गोल करून ठेवा.

इंजिनाबद्दल थोडक्यात. गॉब्लिनचा, म्हणजे व्हँपायरच्या जेट इंजिनाचा, कॉम्प्रेसर सेंट्रिफ्यूगल आहे आणि तो सावकाश वेग धरतो. थ्रॉटल झटक्यात पुढे केला तर जेट पाइपचं तापमान चढतं. चांगल्या मॉडेलमध्ये ज्योतही विझते. सगळ्यांत घातक जागा म्हणजे शेवटची अप्रोच. थ्रॉटल पूर्ण मागे ओढून तरंगत आलात आणि शेवटी कमी पडतंय असं दिसलं तर इंजिन वेळेत जागं होत नाही. फ्लॅप आणि एअरब्रेक बाहेर ठेवून, आरपीएम मध्यम राखून या, आणि धावपट्टी नक्की मिळते आहे हे दिसल्यावरच थ्रॉटल बंद करा.

वेळ चौपट करून उडण्याचा मोह टाळा. वेग वाढवल्यावर अनेक मॉडेलमध्ये इंधनाचा हिशोब आणि जायरोचं (फिरत्या चकतीवर चालणाऱ्या दिशादर्शकाचं) सरकणं दोन्ही चुकतात, आणि इथे सगळा खेळ त्या दोन आकड्यांचाच आहे.

उत्तर: होकायंत्र

गॉब्लिन३ यांनी टाकी सांभाळली, मी नकाशा घेतो. तुमचा दुसरा आणि तिसरा प्रश्न खरं तर एकच आहे, कारण या मार्गावरच्या सगळ्यांत ठळक दिसणाऱ्या कित्येक खुणा १९५३ मध्ये नव्हत्याच.

नकाशासाठी अमेरिकी लष्कराचे जुने ओएनसी (१:१०,००,०००) आणि टीपीसी (१:५,००,०००) तक्ते घ्या. टेक्सास विद्यापीठाच्या पेरी-कास्टान्येदा नकाशा संग्रहात ते मोफत मिळतात. ते १९५३ नंतरचे आहेत, त्यामुळे धरणं खोडून घ्यावी लागतील, पण जमिनीचे उंचवटे, नद्या आणि रेल्वे यांसाठी त्याहून चांगलं काही सहज हाती लागत नाही. आखणीसाठी लिटल नॅव्हमॅप वापरा. मोफत आहे आणि त्यात स्वतःचे बिंदू अक्षांश-रेखांश देऊन टाकता येतात. उड्डाणाआधी वापरा आणि मग बंद करा.

टप्प्याटप्प्याने पाहू.

लुका–अल अदेम: जवळजवळ सगळा समुद्र. सिरेनाइकाचा, म्हणजे पूर्व लिबियाचा, किनारा देर्नाच्या पश्चिमेला लागतो, जबल अल अख्दरच्या डोंगराखाली. किनारा डावी-उजवीकडे कसा वळतो हे पाहून आपण कुठे लागलो ते ठरवा आणि मग आग्नेयेला तोब्रुक. अल अदेम हा तोब्रुकच्या दक्षिणेचा तळ. तिथून फायेदपर्यंत भूमध्य समुद्राचा किनारा डावीकडे सोबत येतो. शेवटी नाईलचा हिरवा त्रिभुज प्रदेश आणि सुएझ कालव्यावरचं ग्रेट बिटर सरोवर. इथे चुकायला फारसं कारण नाही.

फायेद–वादी हाल्फा: सरळ रेषा गिर्गाजवळ नाईल ओलांडते, मग नदी डावीकडे दूर जाते आणि अबू सिंबेलपाशी पुन्हा भेटते. मधे पश्चिमेचं वाळवंट. आता मुख्य अडचण: तुम्हाला अस्वानच्या दक्षिणेला अफाट नासर सरोवर दिसेल. त्याचं पाणी १९६४ नंतरचं. १९५३ मध्ये तिथे १९०२ च्या जुन्या बंधाऱ्यामागचं, त्यामानाने अरुंद पाणी होतं. जुनं वादी हाल्फा गाव सरोवराखाली गेलं, त्याच्याजवळचा दुसरा धबधबाही गेला. अबू सिंबेलची मंदिरंसुद्धा १९६४ ते १९६८ दरम्यान कापून वर हलवलेली आहेत. सरोवर पुसून टाकणं एमएसएफएसमध्ये सोपं नाही. एक-दोन ठिकाणी पाण्याची पातळी बदलणारी दृश्य-दुरुस्ती लावली तर बाकी भूभाग फाटतो, त्यापेक्षा शिस्त पाळा: सरोवराच्या काठावरून जागा ओळखायची नाही. फायेदहून ठरवलेली दिशा आणि घड्याळ यांवर या, आणि अबू सिंबेल फक्त पडताळणीसाठी.

वादी हाल्फा–खार्टूम हा माझ्या दृष्टीने पूर्ण प्रवासातला सर्वांत सुंदर टप्पा. सरळ रेषा नाईलचं मोठं वळण सोडून न्युबियन वाळवंटावरून जाते आणि अर्ध्या वाटेवर तुम्हाला एका मोठ्या जलाशयावर आणून सोडते. तो मेरोवे धरणाचा, २००९ चा. आजच्या दृश्यात तो इतका सोयीचा आहे की त्याच्याकडे पाहून घड्याळ लावायचा मोह होतोच. त्याऐवजी रेल्वे धरा. ब्रिटिश सेनापती किचनरच्या सैन्याने १८९७ मध्ये वादी हाल्फाहून अबू हमेदपर्यंत वाळवंटातून रूळ टाकले, पुढे ती लाइन नाईलच्या काठाने अत्बारा आणि खार्टूमला जाते. अबू हमेदवरून वळून गेलात तर ३७७ ऐवजी ४१० मैल होतात, म्हणजे सहा मिनिटं जास्त. एकट्या वैमानिकाने ती सहा मिनिटं जरूर द्यावीत. उपग्रह-चित्रात रूळ ३०,००० फुटांवरून दिसत नाहीत. पण अबू हमेदला नदीचा काटकोनातला वळसा स्पष्ट दिसतो आणि तो १९५३ मध्येही तसाच होता.

खार्टूमच्या दक्षिणेला पांढऱ्या नाईलवरचं जबल औलिया धरण मात्र १९३७ चं आहे, ते खुशाल वापरा.

मलाकल–जुबा: इथे सुद्दची दलदल. तिच्या पूर्वेला तुम्हाला एक सरळ रेघ दिसेल. तो जोंगलेई कालवा: १९७८ मध्ये खोदायला घेतला, १९८४ मध्ये यादवी युद्धामुळे सुमारे २४० किलोमीटर खोदून सोडून दिला. दलदलीत नदीचे फाटे इतके सारखे दिसतात की ही रेघ देवाने दिल्यासारखी वाटते. ती तुमच्यासाठी नाहीच असं समजा. बहर अल जबलचा (पांढऱ्या नाईलचं इथलं नाव) पूर्वेकडचा कोरडा काठ आणि बोर गाव यांवर भिस्त ठेवा.

एंटेबी–ताबोरा: निम्मा रस्ता व्हिक्टोरिया सरोवरावरून. दक्षिण किनारा म्वान्झाजवळ लागला की तिथून ताबोरापर्यंत १९२८ ची रेल्वे आहे. ताबोरा हे या लाइनचं आणि दार-एस-सलाम–किगोमा लाइनचं जंक्शन, त्यामुळे गाव चुकून पुढे गेलात तरी आडवी लाइन सांगते.

ताबोरा–न्डोला लांब आहे, पण त्यावरच्या खुणा उत्तम. सुमारे २५० मैलांवर टांगानिका सरोवराचं दक्षिण टोक थेट पायाखाली, ४०० मैलांवर बांगवेउलू सरोवर आणि त्याच्या दलदली, मग काँगोचा झांबियात घुसलेला चिंचोळा भाग, जो तेव्हा बेल्जियन काँगो होता. २५० ला सरोवर ठरलेल्या वेळी आलं नाही तर म्बालाकडे वळायची तयारी ठेवा.

न्डोला–सॉल्सबरी: झांबेझी ओलांडताना डावीकडे काहोरा बासा धरणाचं पाणी दिसेल. ते १९७४ पासूनचं. उजवीकडे लांबवर करिबा धरणाचं, तेही १९५८ नंतरचं. १९५३ मध्ये खाली फक्त नदी आणि तिच्या दोन्ही बाजूंचे कडे.

आता दिशा. जुन्या नकाशावरून खरी दिशा मोजा, पण त्यावर छापलेलं व्हेरिएशन, म्हणजे खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतला फरक, वापरू नका. सिम्युलेटरचं चुंबकीय क्षेत्र आजचं आहे आणि सत्तर वर्षांत ते बरंच सरकलं आहे. खरी दिशा नकाशाची, व्हेरिएशन सिम्युलेटरचं: पश्चिम असेल तर मिळवा, पूर्व असेल तर वजा करा.

साधा डायरेक्शनल जायरो असलेल्या मॉडेलमध्ये तो पृथ्वीच्या फिरण्यामुळे तासाला १५ गुणिले अक्षांशाचा साइन इतके अंश सरकतो. अल अदेमला जवळपास ८ अंश, वादी हाल्फाला साडेपाच, एंटेबीला शून्य, हरारेला साडेचार आणि तेही उलट बाजूला. काट्यावर तोच अंक धरून बसलात तर विमान उत्तर गोलार्धात हळूहळू उजवीकडे जातं, दक्षिण गोलार्धात डावीकडे. दर १० मिनिटांनी सरळ, समतल उडताना होकायंत्राशी जुळवा. वळताना कधीच नाही. चार अंशांची चूक ६० मैलांवर ४ मैल होते आणि ३०० वर २०. वादी हाल्फा २० मैलांवरून धुळीत दिसत नाही.

अजून एक बारीक गोष्ट. होकायंत्राची वळतानाची चूक उत्तर गोलार्धात एका दिशेची असते, दक्षिणेत उलटी. हा बदल विषुववृत्तावर होत नाही, चुंबकीय विषुववृत्तावर होतो, आणि ते या भागात ९-१० अंश उत्तरेच्या आसपास, म्हणजे मलाकलजवळून जातं. तुमच्या सिम्युलेटरमध्ये हे दाखवलेलं असेल तर जुबाला उतरताना हात बदलावा लागेल.

उत्तरवारा

दोघांचेही मनापासून आभार. मेरोवे आणि जोंगलेई या दोन्ही खुणा मी घड्याळ जुळवायच्या जागा म्हणून लिहून ठेवल्या होत्या, त्या आता काढतो.

दोन शंका राहिल्या. विमानतळ शोधताना अर्धे कोड सापडत नाहीत. आणि खार्टूमला खरोखरीचा उन्हाळा हवा असेल तर हवामानात काय भरायचं?

उत्तर: धावपट्टी१८

कोड बदलले आहेत. नव्या डेटावर चालणाऱ्या सिम्युलेटरमध्ये हरारे एफव्हीआरजी आहे, जुन्यात एफव्हीएचए. जुबा आता एचजेजेजे, पूर्वी एचएसएसजे. अल अदेम हे तोब्रुक किंवा गमाल अब्देल नासर या नावाने एचएलजीएन म्हणून सापडेल. न्डोलाला जास्त काळजी घ्या: २०२१ मध्ये शहराबाहेर नवा विमानतळ सुरू झाला, आणि नाव टाकून शोधलंत तर तोच समोर येईल. तुम्हाला हवा तो शहराला लागून असलेला जुना, साधारण १३.०० दक्षिण, २८.६६ पूर्व. फायेद ३०.३३ उत्तर, ३२.२७ पूर्व. कोडच्या फंदात न पडता हे बिंदू अक्षांश-रेखांश देऊनच टाका.

हवामान. आफ्रिकेच्या या पट्ट्यात हवामान अहवाल देणारी ठाणी विरळ आहेत. शिवाय एप्रिल २०२३ मध्ये सुदानात युद्ध पेटल्यापासून खार्टूमच्या अहवालांवर अवलंबून राहता येत नाही. थेट हवामान लावलंत तर तिथली हवा अंदाजाने भरली जाते आणि बहुधा सौम्य निघते. हाताने लावा.

लावताना एक सापळा आहे. तापमानाच्या स्लायडरवर टाकलेला आकडा समुद्रसपाटीचा धरला जातो की जमिनीवरचा, हे विमानाच्या बाहेरच्या तापमानाचं गेज पाहून आधी ठरवा. समुद्रसपाटीचा असेल तर उंचीच्या दर हजार फुटांमागे २ अंश वाढवून टाकावे लागतात. खार्टूम १,२६५ फुटांवर, तिथे ४२ हवे असतील तर ४४.५ टाका. हरारे ४,८८७ फुटांवर, तिथे ३० हवे असतील तर जवळपास ४०. हे न केल्यामुळे हरारेत २० अंशांची थंड हवा मिळते आणि व्हँपायर किती छान उडतं असं वाटतं.

खरी परिस्थिती अशी: खार्टूमला ४२ अंशांवर घनता-उंची (विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची) सुमारे ४,८०० फूट. एंटेबी (३,७८२ फूट) २६ अंशांवर ६,०००. न्डोला (४,१६७ फूट) २८ अंशांवर ६,७००. हरारे ३० अंशांवर ७,८५०. हरारेत गेजवर १०० नॉट दिसत असताना विमान खरं ११२ नॉटने येत असतं, आणि थांबायला लागणारं अंतर समुद्रसपाटीच्या सव्वापट होतं. जमीन भराभर सरकते म्हणून वेग जास्त वाटतो आणि माणूस नकळत तो कमी करायला जातो. करू नका, गेजवर ठरलेलाच वेग ठेवा. व्हँपायर जिथे पोहोचायची तो न्यू सॅरमचा तळ आजच्या हरारे विमानतळावरच आहे, पण तिथली ४,७२५ मीटरची धावपट्टी तुम्हाला काहीच शिकवणार नाही. पहिल्या २,००० मीटरमध्ये थांबायचं असा नियम घाला. ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. एकदाच दाबून धरण्यापेक्षा टप्प्याटप्प्याने लावा आणि दाबाचं गेज पाहत राहा.

पूर्ण भरलेल्या टाक्यांनी खार्टूमहून दुपारी निघू नका. स्थानिक वेळ यूटीसी अधिक २ आहे. उजाडता उजाडता उडा.

महिन्याबद्दल: एकच महिना सगळीकडे चांगला मिळत नाही. पावसाचा पट्टा जुलैत सुदानवर असतो आणि डिसेंबर-जानेवारीत झांबिया-झिंबाब्वेवर. मे ते जुलै घेतलात तर दक्षिण टोक कोरडं आणि स्वच्छ, पण खार्टूमला हबूब, म्हणजे धुळीची उभी भिंत. डिसेंबर-जानेवारीत उत्तर थंड आणि निरभ्र, पण ताबोरानंतर दुपारच्या गडगडाटी ढगांत शिरावं लागतं. इतिहासाशी जुळवायचं तर डिसेंबर-जानेवारीच घ्या आणि ताबोरापासून पुढचे टप्पे सकाळी दहाच्या आत संपवा. व्हिक्टोरिया सरोवरावर मात्र उलट गणित: तिथली वादळं रात्री आणि पहाटे पाण्यावर उभी राहतात. एंटेबीहून नऊच्या आधी निघू नका.

हिवाळ्यात उत्तर इजिप्तवर वरचा पश्चिमी वारा जोरात असतो. ३०,००० फुटांवर २६०-२७० अंशांवरून ७०-८० नॉट धरणं वास्तवाला सोडून नाही. अल अदेम–फायेद त्यामुळे पटकन उरकतो. फायेद–वादी हाल्फाला तोच वारा बरोबर उजव्या कुशीवर येतो: खरी दिशा १८४ ठेवायची तर नाक १९७ वर धरावं लागतं. खार्टूमच्या दक्षिणेला वारा मंद आणि पूर्वेकडचा करा. एकच वारा सगळ्या मार्गाला लावलात तर निम्मा प्रवास खोटा होतो.

उत्तर: त्रिज्या

व्हँपायरचे दहा टप्पे जड वाटले तर त्याच काळातले दोन पर्याय आहेत. कॅनबेरा बी.२: १७ डिसेंबर १९५३ ला रॉयल एअर फोर्सच्या ‘एरीज ४’ या कॅनबेराने लंडन–केप टाउन अंतर १२ तास २१ मिनिटांत कापलं. तिथे टप्पे मोजके, दिशा सांभाळायला वेगळा नॅव्हिगेटर, आणि खरी परीक्षा उंचीवरच्या इंधनाची. लष्करी विमानाचा आग्रह नसेल तर कॉमेट १: २ मे १९५२ ला रोम, बैरुत, खार्टूम, एंटेबी, लिव्हिंगस्टन करत जोहान्सबर्ग. खार्टूम आणि एंटेबी तुमच्या मार्गावरही आहेत, त्यामुळे हीच हवामानाची मांडणी तिथे चालेल.

व्हँपायरच करणार असाल तर रेडिओबद्दल एक सुचवतो, कारण त्यावर कोणी लिहिलं नाही. त्या काळी तळावरचा ऑपरेटर तुमच्या रेडिओच्या लहरींवरून दिशा मोजून सांगायचा, म्हणजे क्यूडीएम. ओळखीच्या कोणाला नकाशा उघडून बसवा. तुम्ही विचारलं की त्याने फक्त तळाकडची चुंबकीय दिशा सांगायची, अंतर नाही. व्हीएचएफची मर्यादा पाळा: फुटांमधल्या उंचीचं वर्गमूळ गुणिले १.२३. ३०,००० फुटांवर २१३ मैल, २,००० वर फक्त ५५. हरवल्यावर जमीन पाहायला खाली गेलात की इंधनही दुप्पट जळतं आणि रेडिओही तुटतो. एकट्याने खेळत असाल तर तळापासून त्या अंतराच्या आत आल्यावर १० मिनिटांतून एकदाच नकाशावर दिशा मोजायची मुभा ठेवा.

उत्तरवारा

क्यूडीएमची पद्धत घेतो. मोजणारा मिळाला आहे. महिना जानेवारी, मार्ग अबू हमेदवरून. एकच विचारायचं राहिलं: मलाकलला पूर्ण भरलेलं उतरावं लागलं तर?

उत्तर: गॉब्लिन३

पूर्ण भरलेलं तिथे पोहोचणारच नाही; खार्टूमहून ३६६ मैल आल्यावर निम्मं इंधन गेलेलं असतं आणि ड्रॉप टँक रिकामे असतात. लवकर परतून खार्टूमलाच उतरावं लागलं तर प्रश्न खरा आहे. तेव्हा टँक सोडून देऊ नका, पुढच्या टप्प्याला ते लागतील. १०,००० फुटांवर एअरब्रेक बाहेर काढून आणि आरपीएम चढवून २० मिनिटं घिरट्या घाला, बाहेरचं इंधन संपवा, मग या. डावा-उजवा टँक सारखा उतरतो आहे का ते पाहत राहा. एका बाजूला ३० गॅलन उरले तर ते २४० पौंड होतात, आणि मंद वेगाला स्टिक तेवढी एका बाजूला धरून ठेवावी लागते.